पाहुणी की घरची? : स्ट्रॉबेरीचा प्रवास आणि मुधोळची परसबाग

मुधोळच्या परसबागांना अलीकडे एका नव्या रोपाची सोबत मिळू लागली आहे. तुळस, कढीपत्ता, जास्वंद, शेवगा, आळूचा वाफा ही आपल्या परसातील जुनी मंडळी. त्यांच्या ओळीत आता काही घरी स्ट्रॉबेरीच्या दोन-चार कुंड्या येऊन बसल्या आहेत. या फळाला मराठीत स्वतःचे नाव नाही. शेजारच्या तेलुगु घरात नाही, पलीकडच्या गल्लीतील उर्दूभाषक घरातही नाही. तीन भाषांच्या आपल्या गावात तिन्ही भाषांनी एकमताने परके ठेवलेले असे हे फळ आहे. त्यामुळे वडीलधारी मंडळी कुंडीकडे कौतुकाने पाहतात आणि लगेच विचारतात, ‘हे आपल्याकडचे आहे का?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर इतिहासात शिरल्याखेरीज देता येत नाही.

‘आपल्याकडचे’ म्हणून आम्ही ज्यांची नावे घेतो त्यांतील किती खरोखर येथील? आपला जांब, ज्याला पुण्याकडे पेरू म्हणतात, तो मूळचा अमेरिका खंडातला. निर्मळच्या डोंगराळ भागात आपोआप उगवल्यासारखे वाढणारे सीताफळही त्याच खंडातून आलेले. मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही आणि बटाट्यावाचून उपवास सुटत नाही. पण या दोन्ही गोष्टी पोर्तुगीजांच्या व्यापारापूर्वी या भूमीला ठाऊक नव्हत्या. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. सीताफळाला तर आम्ही रामायणातील नाव देऊन टाकले आणि त्याचे परकेपण विसरून गेलो. तेव्हा कोणी कोठून आले, एवढ्यावर आपलेपणा ठरत नाही हे उघड आहे. मग तो कशावर ठरतो? स्ट्रॉबेरीचा इतिहास अलीकडचा आहे, तो लिहून ठेवलेला आहे, आणि या प्रश्नाचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर त्यात सापडते, असे आम्हांला वाटते.

आज बाजारात मिळणारी मोठी, लालभडक स्ट्रॉबेरी अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी जगात अस्तित्वातच नव्हती. युरोपच्या रानांत एक चिमुकली, सुवासिक रानस्ट्रॉबेरी होती. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात दुसरी एक जात होती; लहान पण गडद रंगाची आणि चवदार. ती सतराव्या शतकात युरोपच्या बागांत पोहोचली. तिसरी जात दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिली देशात होती. तिची फळे मोठी, फिकट रंगाची. तेथील मापुचे लोक स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून तिची लागवड करीत होते.

१७१२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश किल्ल्यांची पाहणी करण्यासाठी पाठविले. फ्रेझिएने व्यापाऱ्याचा वेश घेतला आणि किल्ल्यांचे नकाशे टिपून घेतले. पण त्याचे लक्ष कॉन्सेप्सियोन गावाजवळच्या या मोठ्या फळांवरही गेले. परतीचा सागरी प्रवास सुमारे सहा महिन्यांचा होता, जहाजावर गोडे पाणी मोजून मिळत असे, आणि तरीही त्याने रोपे जगवली. १७१४ मध्ये तो मार्सेय बंदरात उतरला तेव्हा पाच रोपे जिवंत होती. पाण्याच्या मोबदल्यात त्यांतील दोन जहाजावरील मालाच्या अधिकाऱ्याला द्यावी लागली. एक पॅरिसच्या राजोद्यानात गेले, एक वरिष्ठांना नजर झाले आणि एक त्याने स्वतःसाठी ठेवले.

ही रोपे फ्रान्सच्या मातीत उत्तम वाढली. पानोपानी तजेला, जमिनीवर चहूकडे पसरलेल्या फुटी, फुलेही भरपूर. पण फळ नाही. त्याचे कारण पुढे उमगले. चिलीच्या या जातीत नर आणि मादी रोपे सहसा वेगवेगळी असतात. फ्रेझिएने साहजिकच फळांनी लगडलेली रोपे निवडली होती, म्हणजे सर्व मादी रोपे. त्यांना फलित करणारे कोणी आसपास नव्हते. पुढे ब्रिटनी प्रांतातील प्लुगास्तेल गावाच्या परिसरात शेतकऱ्यांच्या अनुभवास असे आले की, चिलीच्या रोपांशेजारी उत्तर अमेरिकेची रोपे लावली असता फळे धरतात, आणि मोठी धरतात. दोन टोकांच्या दोन परक्या वनस्पती, एकमेकींपासून हजारो कोस दूर जन्मलेल्या, एका तिसऱ्याच देशात शेजारी झाल्या आणि तेथे फळल्या. त्यांच्या संकरातून जी नवी जात निघाली तीच आजची बागेतील स्ट्रॉबेरी.

हे नाते उलगडून सांगितले आंत्वान निकोला द्युशेन या तरुणाने. १७६६ मध्ये, विशी गाठण्यापूर्वीच, त्याने स्ट्रॉबेरीचा नैसर्गिक इतिहास लिहून प्रसिद्ध केला आणि ही नवी जात दोन अमेरिकी जातींचा संकर असल्याचे त्यात मांडले. या दोन जातींचे जमले आणि युरोपच्या रानजातीशी जमले नाही, याचे कारण विसाव्या शतकात सापडले. रानजातीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर दोन्ही अमेरिकी जातींत आठ-आठ. बाह्य रूपात कितीही अंतर असले तरी आतला हिशेब जुळणारा होता.

नव्या फळाचा गंध अननसासारखा वाटला म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘अननासा’ हा शब्द आला. हा शब्द मूळचा दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचा. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला आणि ‘अननस’ झाला. म्हणजे स्ट्रॉबेरीला मराठी नाव नसले तरी तिच्या शास्त्रीय नावात आपल्या घरातील एक शब्द बसलेला आहे. आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. आपल्या देशात ओलसर, थंड डोंगराळ जागी स्ट्रॉबेरीसारखे दिसणारे एक रानटी रोप सापडते. फुले पिवळी, फळ लाल पण बेचव. त्याचे ‘द्युशेनिया इंडिका’ हे नाव या फ्रेंच तरुणाच्या स्मरणार्थच पडले.

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी आली ती इंग्रजांबरोबर, महाबळेश्वरच्या वाटेने. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून, वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात, महाबळेश्वरचा प्रदेश कंपनीकडे घेतला आणि तेथे माल्कम पेठ वसविली. उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना थंड हवेबरोबर विलायती भाज्या आणि फळेही हवी होती. त्या काळी तेथे एक तुरुंग होता आणि त्यात मलायाकडील वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवले जात. विलायती भाज्यांची, विशेषतः बटाट्याची लागवड या डोंगरावर रुजविण्यात त्यांच्या हातांचा मोठा वाटा होता. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, बागाईत मात्र राहिली. महाबळेश्वरची शेती अशी पहिल्यापासूनच परदेशी बियाण्याने आणि परमुलखातील माणसांच्या श्रमाने उभी राहिलेली आहे.

साहेबाच्या न्याहारीचे हे फळ स्थानिक शेतकऱ्याचे पीक होण्यास मात्र बराच काळ लागला. तोडलेले फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही आणि डोंगराखाली नेताना त्याचा रस होतो. म्हणून फळापासून जाम व सरबत करण्याचा उद्योग येईपर्यंत शेतकऱ्याला आधार नव्हता. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी पाचगणीत सुरू केलेल्या ‘मॅप्रो’सारख्या उद्योगांनी तो दिला. १९९० नंतर कॅलिफोर्निया व फ्लोरिडा विद्यापीठांत तयार झालेल्या चँडलर, स्वीट चार्ली, कॅमारोसा या जाती आल्या, ठिबक सिंचन आले, गादीवाफ्यांवर प्लास्टिकचे आच्छादन आले आणि उत्पन्न वाढले. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाणारे भिलार हे याच पिकावर उभे राहिलेले गाव. चिलीच्या किनाऱ्यावरून निघालेल्या फळाच्या नावाआधी सह्याद्रीतील एका क्षेत्राचे नाव कायद्याने लागले. याहून मोठे नागरिकत्व ते कोणते?

पण येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. महाबळेश्वरला पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यात शेतातील रोपे टिकत नाहीत. म्हणून मातृरोपे परदेशांतून मागविली जातात, वाईसारख्या कमी पावसाच्या भागातील रोपवाटिकांत त्यांच्यापासून नवी रोपे वाढविली जातात आणि पाऊस ओसरू लागला की ती वर नेऊन लावली जातात. परदेशी मातृरोपांमागे आणखी एक कारण आहे. स्ट्रॉबेरीची वाढ बियांपासून नव्हे तर फुटींपासून करतात, आणि आईला जडलेला विषाणू फुटींतून लेकीत उतरतो. पिढ्या उलटतात तसा तो साचत जातो आणि फळ लहान होत जाते. म्हणजे दीड शतकाच्या सहवासानंतरही महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे माहेर अजून सुटलेले नाही.

आता या पार्श्वभूमीवर आपल्या मुधोळकडे वळू. आपल्या गावाचा इतिहास वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही, पण एक गोष्ट येथे आठवावीशी वाटते. रोप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लावले जाते. आमच्या बाबतीत १९५६ मध्ये उलटे घडले. माणसे जागच्या जागी राहिली आणि वाफ्याची मेर हलली. निजामी राजवटीत नांदेड जिल्ह्यात असलेली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आंध्र प्रदेशातील आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. त्याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ पासून मुधोळ निर्मळ जिल्ह्यात आहे. आमच्या घराण्यांचे पूर्वज कोणी देशमुखी-पांडेपणाच्या कामावर, कोणी व्यापारासाठी, कोणी भिक्षुकीसाठी गोदावरीच्या काठाने येथे आले. पण साठ वर्षांत जिल्हा आणि राज्य यांची नावे बदलत गेली ती मात्र आम्ही उंबरा न ओलांडता.

मुधोळ अक्षांशाने महाबळेश्वरच्या थोडे उत्तरेलाच आहे. दिवस-रात्रीचे मान दोन्हीकडे जवळपास सारखे. फरक आहे तो उंचीचा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आणि आपण गोदावरीच्या खोऱ्यात. स्ट्रॉबेरीला फुलोरा येण्यास लहान दिवस आणि थंड रात्री लागतात. पारा तिशीच्या वर राहू लागला की फुले थांबतात आणि रोप सारी शक्ती फुटी काढण्यात घालते. आपल्याकडे अशा थंड रात्री मार्गशीर्षापासून माघापर्यंत मिळतात. म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास लावलेले रोप मार्गशीर्षात फुलते, फुलानंतर साधारण महिन्याने, संक्रांतीच्या आसपास पहिली फळे लाल होतात, आणि होळीपर्यंत थोडी थोडी मिळत राहतात. पाडव्यानंतर पुढे आशा धरू नये. बासरला वसंत पंचमीच्या दिवशी सरस्वतीच्या पायाशी मुलांचा अक्षराभ्यास होतो, तो या फळाचा आपल्याकडील ऐन भर.

माती हा दुसरा प्रश्न. कापसाला, सोयाबीनला सोसणारी आपली काळी माती या रोपाला सोसत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि नाजूक मुळे कुजतात. शिवाय ती अल्कधर्मी आहे आणि स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल माती लागते. काळ्या मातीत रोपाला लोह मिळेनासे होते. पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण करून कुंडीत किंवा गादीवाफ्यावर लावणे बरे. मुळे बहुतांशी वरच्या वीतभर मातीतच असतात, त्यामुळे कुंडी फार खोल नसली तरी चालते. पसरट मात्र असावी. रोपाचा गाभा, जेथून पाने फुटतात तो भाग, मातीच्या पातळीवर राहावा; गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी या रोपाला बाधते. पावसाचे साठविलेले पाणी किंवा गोड्या विहिरीचे पाणी उत्तम. फळ मातीला टेकू नये म्हणून खाली वाळका पेंढा अंथरावा.

फळ वेडेवाकडे झाले तर रोपाला दोष देऊ नये. स्ट्रॉबेरीवर जे बारीक ‘बी’ दिसते ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे फळ असते, आणि लाल गर हा फुलाचा फुगलेला देठ. ज्या बाजूच्या दाण्यांचे परागीभवन होते तेथला गर फुगतो, जेथले होत नाही तेथे खोलगट राहतो. म्हणून मधमाश्या हव्यात. कुंड्यांजवळ तुळस फुलू द्यावी आणि फुलोऱ्याच्या काळात औषधांची फवारणी टाळावी. फ्रेझिएच्या रोपांना जो शेजार मिळाला नाही तो आपल्या रोपांना मिळेल एवढे पाहिले म्हणजे झाले.

इथपर्यंतचे काम सोपे आहे आणि ते अनेक घरांनी केले आहे. नांदेडच्या किंवा अन्य रोपवाटिकेतून दिवाळीला रोपे आणावीत, होळीपर्यंत फळे खावीत आणि वैशाखात वाळलेली कुंडी रिकामी करावी. दरवर्षी नवे रोप, दरवर्षी नवे कौतुक. पण या पद्धतीने स्ट्रॉबेरी आपल्या परसात पाहुणी म्हणूनच येते आणि पाहुणी म्हणूनच जाते. आमच्या मते खरी परीक्षा होळीनंतर सुरू होते, जेव्हा कुंडीत फळ नसते आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो.

काही घरांनी ही परीक्षा दिली आहे, आणि ती पद्धत लिहून ठेवण्याजोगी आहे. चैत्र लागताच कुंड्या कडुनिंबाच्या किंवा शेवग्याच्या सावलीत, शक्य तर पाण्याच्या रांजणाजवळ ओल्या वाळूवर ठेवतात. दुपारी भोवती भिजवलेले गोणपाट असते. याच दिवसांत रोपाला हरळीसारखे लांब दोरे फुटतात, ज्यांना बागाईतदार ‘रनर’ म्हणतात. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक चिमुकले रोप असते. ते शेजारच्या लहान कुंडीतील मातीवर टेकवून तारेच्या आकड्याने धरून ठेवायचे. तीन-चार आठवड्यांत ते मूळ धरते. मग आईशी असलेला दोरा कापायचा. मृगाचा पाऊस आला की कुंड्या पाणी साचणार नाही अशा उंच जागी न्यायच्या. सगळी रोपे वाचत नाहीत. दहांतून तीन-चार वाचली तरी दसऱ्याला लावण्यापुरती घरची लेकरे तयार होतात. त्यांची फळे विकतच्या रोपांपेक्षा मोठी असतात असे नाही. पण मुधोळचा उन्हाळा पाहिलेले रोप आणि न पाहिलेले रोप यांत फरक आहे, तो फळाच्या आकारात मोजायचा नाही.

याबरोबरच महाबळेश्वरचा धडाही विसरून चालणार नाही. घरच्याच फुटी वर्षानुवर्षे फिरवीत राहिले तर विषाणू साचतो आणि वाण क्षीण होतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी चार ताजी रोपे बाहेरून आणून त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. केवळ बाहेरच्यावर विसंबले तर पाहुणेपण संपत नाही. केवळ घरच्यावर विसंबले तर जोम संपतो. दोन्ही पाळावी लागतात.

फ्रान्समध्ये त्या रोपांना फुले आली तरी शेजार मिळेपर्यंत ती निष्फळ राहिली. महाबळेश्वरला फळ, मान आणि कायदेशीर नावही मिळाले, तरी पुढचे रोप अजून बाहेरून येते. तेव्हा ‘हे आपल्याकडचे आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ : फळ येणे म्हणजे रुजणे नव्हे. पुढच्या वर्षीचे रोप त्याच परसात, तेथलाच वाईट ऋतू काढून तयार झाले, म्हणजे ते त्या परसाचे झाले.

ही कसोटी रोपापुरती राहत नाही, हे वाचकांच्या मनात आलेच असेल. आमच्या घरांतील मराठीचेही असेच आहे. शेजारच्या तेलुगु आणि उर्दूने तिला मारले नाही. उलट आमच्या बोलीत जी गोडी आहे ती त्या शेजारानेच दिली. तिला सांभाळावे लागते ते फळ नसलेल्या दिवसांत. परीक्षेत तिचे गुण मिळत नाहीत, नोकरीत तिची विचारणा होत नाही, तेव्हा. नांदेडहून पुस्तके आणि मासिके येतात, ती यावीतच. ताजे वाण लागते. पण बासरला पाटीवर गिरवलेले पहिले अक्षर पुढे घरात कोणत्या भाषेत वाढते, ते ओझे पुस्तकांवर टाकता येत नाही. ते काम आजी-आजोबांचे आणि आई-बापांचे आहे, सावली धरून उभे राहण्याचे.

यंदा ज्या घरांत दसऱ्याला स्ट्रॉबेरी लागेल त्यांना आमचे एवढेच सांगणे : होळीनंतर कुंडी रिकामी करू नका. एक रोप तरी रांजणाजवळ ठेवा, आणि त्याला पाणी घालण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे द्या.